लायनर बदलले तरी जीप पुन्हा डावीकडेच ओढते : भंगारातले ब्रेक पार्ट ओळखणं आणि जुळवणं

ब्रेक दाबला की आमची जीप डावीकडे ओढायची. लायनर (ब्रेकमधले घासणारे पट्टे) नवे मारले की पंधरा-वीस दिवस सरळ थांबायची आणि मग हळूहळू पुन्हा तेच. तीन वर्षांत तीनदा लायनर झाले, दोनदा व्हील अलाइनमेंट झालं, टायर आलटून पालटून पाहिले. शेवटी करूळ घाटात, उतारावर, समोरून एसटी येत असताना ब्रेक मारला आणि गाडीने डावीकडच्या कठड्याकडे उडी घेतली. त्या दिवशी ठरवलं, आता चारही चाकं उघडायची आणि प्रत्येक भागाचं माप स्वतः घ्यायचं. त्यातून जे हाती लागलं ते सविस्तर लिहितोय, कारण जुन्या जीपवाल्यांकडे गेलं की चारातल्या दोघांची तरी हीच तक्रार असते.

गाडी आजोबांची, सीजे-३बी मॉडेलची जीप, डाव्या स्टिअरिंगची, उंच बॉनेटची. मुंबईच्या माझगावला १९४७ पासून जीप जोडायला सुरुवात झाली आणि पुढे कित्येक वर्षं याच जातीच्या गाड्या आपल्याकडे शेतावर, सरकारी खात्यांत, लष्करात चालल्या. त्यामुळे पार्ट भंगारात भरपूर मिळतात. अडचणही तीच आहे. वेगवेगळ्या वर्षांचे, वेगवेगळ्या मॉडेलांचे, लष्करी लिलावातले असे सगळे पार्ट एकाच ढिगात पडलेले असतात. बाहेरून ते सख्खे भाऊ वाटतात, पण आतून तसे नसतात.

आधी दोषी चाक शोधा

गाडी डावीकडे ओढते म्हटलं की बहुतेक मिस्त्री डावं चाक उघडतात. ओढ नेहमी ज्या बाजूचा ब्रेक जास्त लागतो तिकडे असते, हे खरं. पण डावा ब्रेक नीट चाललाय आणि उजवा कमी पडतोय, असंही असू शकतं. माझ्याकडे तीनही वेळा डाव्या चाकावर जास्त मेहनत झाली आणि उजव्याला नुसते लायनर मारून, पुसून ते बंद केलं गेलं.

ओळखायची सोपी युक्ती आहे. मोकळ्या मैदानात किंवा रिकाम्या रस्त्यावर तीस-चाळीसच्या वेगातून पाच-सहा वेळा बेताने ब्रेक मारून गाडी उभी करा आणि लगेच चारही ड्रमवर (चाकासोबत फिरणारी ब्रेकची बिडाची वाटी) पाण्याचे चार थेंब शिंपडा. हात लावू नका, भाजेल. पुढच्या दोन्ही ड्रमवर पाणी सारख्याच वेगाने वाळायला हवं. माझ्या डाव्या ड्रमवर थेंब चर्रकन उडाले आणि उजव्यावर निवांत ओघळत खाली आले. म्हणजे आजारी होता तो उजवा.

याच वेळी दुसरी एक तपासणी उरकून घ्या. ब्रेक सोडल्यावर चाक जॅकवर घेऊन फिरवा. जड फिरत असेल तर त्या चाकाचं निपल (ब्रेक ऑइल आणि हवा सोडायची छोटी तोटी) थोडं उघडा. थेंबभर ऑइल उडून चाक मोकळं झालं तर आत दाब अडकून राहतोय. एकाच चाकाला असं होत असेल तर रबरी होस आतून सुजलाय. चारही चाकांना होत असेल तर पेडलने चारही चाकांना दाब देणाऱ्या मास्टर सिलिंडरचं परतीचं बारीक भोक बंद झालंय, किंवा पेडलला अर्धा इंच मोकळी चाल ठेवलेली नाही. आणि निपल उघडूनही चाक जडच राहिलं तर दोष यांत्रिक आहे: थकलेली स्प्रिंग, किंवा चाकामागच्या ब्रेक प्लेटवर जिथे शू (लायनर बसवलेला कमानीसारखा तुकडा) घासतो तिथे पडलेली खाच. या खाचेत शू अडकतो आणि परत येत नाही. वेल्डिंगने भरून घासून सपाट केली की पुरे.

माझं चाक मोकळं फिरत होतं. होस ठीक, स्प्रिंगही ठीक.

एक सूत

उजवा ड्रम उतरवला, शू काढले, ऑइलच्या दाबाने शूला ढकलणारा सिलिंडर सोडवला. गळती नव्हती, रबरं चांगली होती, पिस्टन सहज सरकत होते. याच कारणाने तीन वर्षांत तो कुणी उघडला नव्हता. तो आणि डावीकडचा असे दोन्ही सिलिंडर घेऊन मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात एका म्हाताऱ्या टर्नर मामांकडे गेलो. त्यांनी उजव्याच्या तोंडात करंगळी घातली, काढली, डाव्याच्या तोंडात घातली आणि म्हणाले, "ह्यो सात सुताचा हाय बघ. त्यो आठ सुताचा." व्हर्नियर लावलं तर तंतोतंत तेच: उजवा २२.२ मिलिमीटर, डावा २५.४.

एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. ऐकायला किरकोळ वाटतं. पण शूला ढकलणारा जोर पिस्टनच्या क्षेत्रफळावर ठरतो आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं. आठाचा वर्ग ६४, साताचा ४९. म्हणजे एकाच पेडलने डाव्या चाकाला उजव्यापेक्षा तीस टक्के जास्त जोर मिळत होता. या जीपला मूळचे पुढचे सिलिंडर एक इंचाचे आणि मागचे पाऊण इंचाचे. सात सुताचा दोन्हींत कुठेच बसत नाही. तो दुसऱ्याच कुठल्या गाडीचा होता.

मग आठवलं. तीन वर्षांपूर्वी उजवा सिलिंडर गळायला लागला तेव्हा एका गॅरेजने भंगारातून "त्याच मापाचा" जुना आणून बसवला होता. बोल्टची भोकं जुळली म्हणजे माप जुळलं, असं धरलं गेलं. ओढ त्यानंतरच सुरू झाली, पण मधे दोन-तीन आठवडे गेले म्हणून माझ्या डोक्यात दोन गोष्टींचा संबंध लागला नव्हता.

आता मुख्य प्रश्न: दर वेळी लायनर मारल्यावर ओढ थांबत का होती? याचं उत्तर ड्रममध्ये होतं. माझे ड्रम झिजून मोठे झाले होते. नव्या लायनरची गोलाई मूळच्या लहान ड्रमची, त्यामुळे तो मोठ्या ड्रमला फक्त मधल्या पट्ट्यात टेकायचा. दोन्ही चाकांचे ब्रेक सारखेच कमकुवत असायचे, म्हणून गाडी सरळ थांबायची, जरा उशिरा थांबायची इतकंच. दोनशे-तीनशे किलोमीटरमध्ये लायनर घासून ड्रमला पूर्ण टेकायला लागला की ब्रेक खरे लागू लागायचे आणि सिलिंडरमधला फरक उघडा पडायचा. ज्यांची ओढ "काम केल्यावर थांबते आणि परत येते", त्यांनी लायनरला दोष देण्याआधी हे तपासावं, असं मी कळकळीने सांगेन.

ढिगातून बरोबर पार्ट कसा उचलायचा

पुण्याच्या जुन्या बाजारात दोन फेऱ्या झाल्या, एक मुंबईला कुर्ल्याला. खिशात व्हर्नियर, टेप, खडूचा तुकडा, एक छोटी हातोडी आणि माझ्या गाडीचा एक जुना नट. एवढं सामान असेल तर विक्रेत्याच्या शब्दावर राहावं लागत नाही.

ड्रमचं मूळ माप ओळखायला झिजलेल्या भागात माप घेऊन उपयोग नाही. ड्रमच्या तोंडाशी, जिथे लायनर पोचतच नाही, तिथे गंजाची एक बारीक कड राहिलेली असते. ती खरडून साफ करा आणि तिथला व्यास मोजा. तेच त्याचं जन्माचं माप. माझ्या गाडीला नऊ इंच, म्हणजे २२८.६ मिलिमीटर हवं. मग झिजलेल्या भागात, आत आणि तोंडाशी, उभं-आडवं अशी चार मापं घ्या. मूळ मापापेक्षा दीड मिलिमीटरहून जास्त वाढलेला ड्रम घेऊ नका, फुकट मिळाला तरी. माझा स्वतःचा डावा ड्रम २३०.६ निघाला. म्हणजे दोन मिलिमीटर. तो मी वापरत होतो.

ड्रम दोरीला टांगून हातोडीने हलकेच वाजवा. देवळातल्या घंटेसारखा लांबणारा आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला तर कुठेतरी तडा आहे, दिसो वा न दिसो. निळसर काळे डाग म्हणजे तो कधीतरी फार तापला होता. ते डाग कडक असतात, तिथे ब्रेक धडधडतो. तडा गेलेला ड्रम वेल्डिंग करून देतो म्हणणारे भेटतील. बिडाच्या ड्रमचं वेल्डिंग ब्रेकच्या उष्णतेत टिकेल यावर माझा विश्वास नाही, आणि इथे पैज लावायची जागाही नाही.

प्लेट बघताना आधी खाली बघा. या जीपच्या नऊ इंची ब्रेकमध्ये प्लेटच्या खालच्या बाजूला दोन पिना असतात, प्रत्येक शूला एक. या पिना मधून सरळ नसून एकांगी असतात, म्हणजे फिरवल्या की शू आत-बाहेर होतो. वर दोन्ही बाजूंना ॲडजस्टमेंटचे कॅम, त्यांची डोकी प्लेटच्या मागे. तुमच्या हातातल्या प्लेटमध्ये दोन शूंच्या मधे खाली दातेरी चाकाचा ॲडजस्टर असेल आणि टेकणारी पिन वर असेल, तर तो ब्रेक वेगळ्या पद्धतीचा आहे. त्यात एक शू दुसऱ्याला ढकलतो आणि पेडलच्या त्याच दाबाला तो कितीतरी जास्त पकडतो. एका चाकाला हा आणि दुसऱ्याला तो लावला तर माझ्यापेक्षा वाईट अवस्था होईल. मागच्या प्लेटवर हँडब्रेकच्या केबलचं भोक किंवा लिव्हर असेल तरी ती या गाडीची नाही. या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या एक्सलला जोर वाटणारी गिअर पेटी) मागे, प्रोपेलर शाफ्टवर असतो.

शू उचलताना लायनरची लांबी बघा. दोनांतला एक लांब, एक आखूड असतो. या जीपमध्ये लांब लायनरचा शू पुढे, गाडीच्या तोंडाकडे. दातेरी ॲडजस्टरच्या ब्रेकमध्ये बरोबर उलटं असतं, लांब मागे. ज्या मिस्त्रीने आयुष्यभर दुसऱ्या गाड्या केल्या त्याचा हात सवयीने लांब शू मागे लावतो. माझ्या मागच्या डाव्या चाकात तसाच लावलेला सापडला.

हब घेताना आटे तपासा. जुन्या बऱ्याच जीपांना डाव्या बाजूच्या चाकाचे स्टड उलट्या आट्यांचे असतात, टोकावर किंवा नटावर इंग्रजी एल कोरलेला दिसतो. म्हणून तो नट खिशात. डाव्या बाजूचा हब चुकून उजवीकडे बसला तर रस्त्यात पंक्चर झाल्यावर कुणीतरी पाइप लावून नट उलटा पिळेल आणि स्टड तोडेल. मागचा हब गाडीवरून स्वतः काढणार असाल तर एक विनंती: पुलर वापरा. मागचा शाफ्ट टेपर आहे, किल्ली बसवलेली आहे, हब वर्षानुवर्षं चिकटून बसतो. घणाचे घाव घातले तर हब निघेल की नाही माहीत नाही, बेअरिंग मात्र नक्की जाईल.

आणि सिलिंडर? बोर, म्हणजे आतला व्यास, मधोमध मोजा, जिथपर्यंत पिस्टन येत नाही. तोंडाशी तो झिजलेला किंवा कुणीतरी घासून मोठा केलेला असू शकतो. व्हर्नियर आत पोचत नसेल तर ड्रिल बिटचा मागचा गुळगुळीत दांडा घालून बघा. पाऊण इंची, सात सुती आणि एक इंची असे तीन दांडे सोबत असले तर ढिगापाशी उभं राहून एका मिनिटात निकाल लागतो.

जुळवताना काय केलं

जुन्या बाजारात एक चांगला ड्रम मिळाला. कडेला २२८.६, झिजलेल्या भागात २२९.३, बारीक रेघा पडलेला. माझा उजवा २२९.४ होता. मामांनी दोन्ही लेथवर घेऊन सारखेच २२९.७ ला आणले. एका एक्सलवरचे दोन्ही ड्रम एकाच मापाचे असलेच पाहिजेत. एकाला हात लावला की दुसऱ्यालाही लावायचा.

लायनर रिव्हेटचे. रिव्हेट मधून सुरू करून टोकांकडे मारत जायचं, म्हणजे लायनर शूला अंगाबरोबर बसतो. टोकांकडून सुरुवात केली तर मधे पोकळी राहते. ती डोळ्याला दिसत नाही, पण फिलर गेजची पातळ पात आत शिरते. मग ते शू ड्रमच्या नव्या मापाला घासून घेतले. हेच काम तीनदा राहून गेलं होतं. ड्रमच्या आतून खडू फिरवायचा, शू हाताने दाबून थोडा सरकवायचा आणि लायनरवर खडू कुठे लागला ते बघायचं. पहिल्यांदा मधे चार बोटं पांढरी झाली. मामांनी घासलं, पुन्हा खडू, पुन्हा घासलं. पाचव्या वेळी लायनर जवळजवळ टोकापासून टोकापर्यंत पांढरा झाला. मामा काही बोलले नाहीत, शू फक्त बाजूला ठेवला आणि पुढचा उचलला.

जुने लायनर खरवडताना आणि घासताना नाकातोंडाला मास्क हवा. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचा. ती धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवायची आपल्याकडे सर्रास सवय आहे. कृपा करून उडवू नका. ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका.

एक इंची सिलिंडर मिळाला, पण आत गंजाचे खड्डे होते. होनिंगने खड्डे जाईपर्यंत घासत बसलं तर बोर मोठा होतो आणि रबर सैल पडतं. म्हणून त्यात पितळी स्लीव्ह मारून बोर परत २५.४ ला आणला. डाव्या चाकाचाही त्याच दिवशी, तसाच करून घेतला.

पाइपच्या नटात एक मोठा धोका आहे. या जीपचे आटे इंची. नंतरच्या गाड्यांचे सिलिंडर बरेचदा मेट्रिक, दहा मिलिमीटर. तीन-अष्टमांश इंचाचा नट म्हणजे साडेनऊ मिलिमीटर. तो दहाच्या भोकात हाताने मस्त जातो, थोडा घट्टही होतो, आणि पूर्ण जोराने ब्रेक दाबल्यावर आटे सोलून बाहेर येतो. नट बोटांनी शेवटपर्यंत बसवा. सैल खुळखुळला किंवा दोन वेढ्यांतच अडला तर आटे जुळत नाहीत असं समजा, टेफ्लॉन गुंडाळून भागवू नका. पाइपही तांब्याचा घालू नका, तांबं कंपनाने कडक होऊन तडकतं.

रबरं, होस, पाइप आणि स्प्रिंग मी भंगारातून घेत नाही, कधीच नाही. आपण ज्याला ब्रेक ऑइल म्हणतो ते खरं तर ऑइल नाही, आणि या नावामुळे बरेच घोळ होतात. ब्रेकची रबरं पेट्रोल, डिझेल, इंजिन ऑइल, ग्रीस यांनी फुगतात. सिलिंडर स्पिरिटने किंवा ताज्या ब्रेक ऑइलनेच धुवा. बाटली सीलबंद, डॉट ३ किंवा डॉट ४. उघडी राहिलेली बाटली हवेतलं पाणी ओढून घेते, आणि घाटात तापल्यावर तेच पाणी वाफ होऊन पेडल खाली बसतं.

बसवणं आणि चाचणी

शूचं अंतर लावताना खालच्या टोकाला पिनजवळ पाच हजारांश इंच आणि वरच्या टोकाला आठ हजारांश, असं या जीपचं माप आहे. पिनचा लॉकनट सैल करून पिन फिरवून खालचं अंतर आधी, मग कॅम फिरवून वरचं. बहुतेक जण नुसते कॅम फिरवतात आणि खालच्या पिनांना हात लावत नाहीत. माझ्या खालच्या पिना बहुधा आजोबांच्या काळापासून फिरल्या नव्हत्या. डिझेल-ऑइल लावून रात्रभर ठेवल्या तेव्हा सुटल्या. प्लेट तेव्हा टेबलावर होती आणि रबरं जवळपास नव्हती, हे महत्त्वाचं.

एअर काढताना मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी. माझ्या गाडीत मागचं उजवं. मास्टर सिलिंडर पायाखाली फ्लोअरच्या खाली आहे. ऑइल भरायचं झाकण उघडण्याआधी वरची माती पूर्ण झाडून घ्या, नाहीतर चिमूटभर माती आत जाते आणि नवीन रबर महिन्यात कापलं जातं.

चाचणी घरामागच्या शेतवाटेवर, मग रिकाम्या रस्त्यावर, स्टिअरिंगवर हात नुसते टेकवून. पाण्याचे थेंब पुन्हा टाकले. दोन्ही पुढच्या ड्रमवर एकदमच वाळले.

इतकं करूनही कुणाची ओढ परत आली तर लायनरला बोट लावून बघा. ओलं किंवा काळं-तेलकट असेल तर ब्रेकचा दोष नाही. पुढे नकलचं (चाक वळतं त्या सांध्याचं) सील गळतंय किंवा मागे एक्सलचं. मागचं सील बदलूनही गळत असेल तर एक्सलवरचा छोटा हवेचा ब्रीदर चिखलाने बुजलाय का बघा. तो बुजला की गरम झालेल्या एक्सलमधला दाब तेल सीलमधून ढकलतो. तेल प्यायलेला लायनर धुऊन परत वापरू नका, तापला की तेल पुन्हा वर येतं.

या कामाला आता पाच महिने झाले. तीनशे किलोमीटरवर, म्हणजे दर वेळी ओढ परतायची तिथे, मी चारही ड्रम पुन्हा उघडले. लायनर टोकापासून टोकापर्यंत सारखे घासले होते, फक्त मागच्या उजव्या चाकाचा कॅम एक खूण पुढे घ्यावा लागला. गेल्या महिन्यात करूळ घाट पुन्हा उतरलो, पाऊस होता, त्याच वळणावर ब्रेक मारला. गाडी सरळ थांबली. तो सात सुताचा सिलिंडर मी टाकला नाही, त्यावर पांढऱ्या रंगाने "७ सूत" लिहून गॅरेजच्या फळीवर ठेवलाय. तो ज्या कुणाच्या गाडीचा मूळ पार्ट असेल त्याच्या उपयोगी पडेल.